शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतंय: सर्व्हिस सेंटर की टायरचं दुकान?

९० पर्यंत गाडी अगदी शांत. ९० ओलांडलं की स्टिअरिंगला बारीक थरथर सुटते, १०५ ला ती कोपरापर्यंत येते आणि ११५ च्या पुढे पुन्हा कमी होते. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून हे दुखणं सांगणारे मला बरेच भेटले. कारण उघड आहे. आपल्या संभाजीनगरच्या जालना रोडवर आपण ज्या वेगाने जातो, त्यात ते कळतच नाही. समृद्धीवर १२० ची मुभा आहे आणि रस्ता सरळ, त्यामुळे लपलेलं सगळं हाताला लागतं.

मग गाडी दाखवायची कुठे? मी दोन्हीकडे नेली, म्हणून लिहितोय.

सर्व्हिस सेंटरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. गाडी वॉरंटीत असेल तर पहिली तिथेच न्या, दुसरा विचार करू नका. ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर संशय ब्रेकच्या डिस्कवर जातो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि पाय काढला की जाते, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट बघावा लागतो. ही कामं लिफ्टवर, अस्सल पार्ट घालून झालेली बरी, आणि कागदावर नोंदही राहते.

पण माझी थरथर एका ठरावीक वेगालाच यायची, ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरचा तिच्याशी संबंध नव्हता. दोनदा गाडी दिली. पहिल्यांदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) करून मिळालं. दुसऱ्यांदा दोन्ही लोअर आर्म, म्हणजे पुढची चाकं गाडीच्या सांगाड्याला जोडणारे खालचे दांडे, बदलायचं नऊ हजारांचं एस्टिमेट हातात आलं. ‘टेस्ट ड्राइव्ह घेतली सर, आत्ता तरी काही जाणवत नाही, पण आर्म बदलून बघू.’ जॉब कार्डवर आत येतानाचं रीडिंग होतं ४८२१२. मी मीटर पाहिला, ४८२१४. दोन किलोमीटर, तेही सिग्नलच्या रस्त्यावर. १०५ ला येणारा दोष ४० ला कुणाला सापडणार? त्या पोरांचा दोष नाही, त्यांना संध्याकाळपर्यंत वीस गाड्या काढायच्या असतात. पण जो माणूस दुखणं अनुभवणारच नाही, त्याने पार्ट सुचवावेत, हे मला पटलं नाही. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

टायरच्या दुकानातल्या चाचांनी आधी विचारलं, ‘स्टिअरिंग थरथरतं की सीट?’ स्टिअरिंग म्हणजे बहुतेक पुढची चाकं, सीट आणि फ्लोअर म्हणजे मागची. मग ते स्वतः शेजारी बसले. सावंगीहून समृद्धीवर चढलो, १०५ ला त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, ‘चला परत.’

दुकानात त्यांनी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकली. पुन्हा फेरी मारली. आता स्टिअरिंग गप्प आणि सीट थरथरत होती. म्हणजे दोष चाकांबरोबर मागे गेला; आर्म, टाय रॉड, बुश या पुढच्या चाकांमागच्या पार्टकडे बघायचं कारणच उरलं नाही. मग एकेक चाक बॅलन्सिंगच्या मशिनवर चढवलं. आधी पुढे असलेल्या डाव्या चाकाला मशिन दोन्ही बाजूंना शून्य दाखवत होतं, म्हणजे वजन बरोबर. चाचांनी टायरच्या नक्षीजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक धरलं आणि चाक हाताने हळू फिरवलं. एका जागी टोक टायरला घासलं, अर्ध्या फेरीनंतर मधे काडी जाईल एवढी फट पडली. टायर आउट होता, म्हणजे पूर्ण गोल नव्हता. बॅलन्सिंगने वजन सारखं होतं, आकार गोल होत नाही, ही गोष्ट मला तेव्हा नीट समजली. १४ इंची रिमचं चाक १०० च्या वेगाला सेकंदाला साधारण १५ वेळा फिरतं, म्हणजे तो उंचवटा सेकंदाला १५ वेळा रस्त्यावर आपटत होता.

दुकानं सगळी सारखी नसतात, हेही खरं. चाक बसवण्याआधी हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि रिमच्या आतला चिखल न पुसणारी कितीतरी आहेत. शंका आली तर चाक मशिनवरून उतरवून, थोडं फिरवून पुन्हा चढवायला सांगा. रीडिंग फार बदललं तर चाक नीट बसलेलंच नव्हतं. आणि अलाइनमेंटने थरथर जाईल असं कुणी म्हणालं तर थोडं थांबा. अलाइनमेंट बिघडली की गाडी सहसा एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतो.

तुमच्या गाडीचं दुखणं वेगळं असू शकतं. पण ठरावीक वेगाचीच थरथर असेल, तर मी आधी अशा दुकानात जाईन जिथला माणूस शेजारी बसून हायवेला येतो. टायरच्या बाजूला फुगा दिसत असेल तर मात्र त्या फेरीलाही जाऊ नका, स्टेपनी लावा आणि सावकाश दुकान गाठा.

आधी पुढे असलेले दोन्ही टायर मी बदलले. चाचांच्या पोराने आधी आणलेल्या नव्या टायरवर चार आकडी शिक्का होता २३२१, म्हणजे तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मी ताजा मागितला, त्यांनी कुरकूर न करता आतून आणून दिला.