दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती: सहा महिने टाइमलाइनवर

रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर. त्याच्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीनं मांडायच्या पट्टीवर, क्लिप कापायला पहिल्याच दिवशी जमतं. कापल्यावर बाकीचं काय काय सरकतं, हे कळायला महिना-दीड महिना जातो. खरी शिकवणी तीच. (खालचे शॉर्टकट विंडोजचे डिफॉल्ट आहेत, मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड, ऑल्टच्या जागी ऑप्शन.)

नवशिक्या 'बी' दाबून ब्लेड (कापायचं टूल) घेतो, दोन ठिकाणी कापतो, 'ए' दाबून परत बाणावर येतो आणि मधला तुकडा उडवतो. चालतं, पण वेळखाऊ आहे. प्लेहेड (टाइमलाइनवरची उभी रेघ) जागेवर आणून कंट्रोल-बी दाबलं की ब्लेडला हात लावावा लागत नाही.

आता तो तुकडा कशानं उडवता, यावर सगळं अवलंबून. बॅकस्पेसनं मोकळी जागा उरते. डिलीटनं उजवीकडच्या क्लिप सरकून ती भरून काढतात, म्हणजे रिपल. ज्या ट्रॅकचा (चित्राच्या किंवा आवाजाच्या ओळीचा) ऑटो सिलेक्टर, म्हणजे डोक्यावरचं एक बटण, बंद, त्यावरचं मात्र जागचं हलत नाही. दाराचा आवाज आणि दार यांची फारकत होते ती इथेच, आणि बहुतेक वेळा दहा मिनिटं पुढे गेल्यावर ध्यानात येते. रिपल करण्याआधी ट्रॅकच्या डोक्यावरची बटणं बघायची सवय लावा.

'टी' म्हणजे ट्रिम मोड. हा लवकर शिकला तर ब्लेड निम्म्यानं कमी लागतं. क्लिपची कड ओढली की रिपल, सांध्याच्या (दोन क्लिप जुळतात त्या जागेच्या) बरोबर मध्यावर धरलं की रोल: एक क्लिप वाढते तेवढीच दुसरी घटते, एकूण लांबी तीच. क्लिपच्या वरच्या भागात धरून ओढलं तर स्लिप: क्लिप जागेवरच, आतला भाग बदलतो. खाली नावाच्या पट्टीवर धरलं तर स्लाइड: क्लिपच शेजारच्या दोन क्लिपमध्ये सरकते. स्लाइड क्वचितच लागतं. सांधा निवडून स्वल्पविराम किंवा पूर्णविराम दाबला की एकेक फ्रेम हलते. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ती ४० मिलिसेकंद. संवादात तेवढाही फरक जाणवतो.

पुढच्या माणसाचा आवाज आधी, चित्र नंतर हवं असेल तर ऑल्ट धरून फक्त ऑडिओचा सांधा निवडा आणि ट्रिम मोडमध्ये डावीकडे रोल करा. क्लिप अनलिंक करू नका, म्हणजे चित्र आणि आवाज यांची जोडी तोडू नका. पुढे सिंक (दोघांचा मेळ) बिघडलं की शोधत बसावं लागतं.

डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) लागत नाही ही तक्रार नेहमीची. सांध्यावर मध्यभागी १ सेकंदाचा डिझॉल्व्ह टाकायचा तर पहिल्या क्लिपच्या शेवटी आणि दुसरीच्या सुरुवातीला न वापरलेलं अर्धा-अर्धा सेकंद फूटेज हवं. अख्खी क्लिप वापरून टाकली असेल तर तो आणणार कुठून?

प्रोजेक्टचा फ्रेम रेट मीडिया आणण्याआधीच ठरवा, नंतर बदलता येत नाही. मोबाइलचं शूटिंग बहुधा बदलत्या फ्रेम रेटचं असतं; लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडू लागतात. अशा फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्याव्यात.

मोफत आवृत्तीत ३८४० × २१६०, ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट मिळतो, वॉटरमार्कशिवाय. शिकणाऱ्याला आणखी काय हवं! ग्राफिक्स कार्ड साधं असेल तर मात्र प्रॉक्सी (हलक्या प्रती) बनवल्याशिवाय फोर-के फूटेज अडखळतंच.