काळा न पडणारा कापूस : आर्सेनिकच्या चाचणीतली फसवणूक

पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर घरी येऊन आर्सेनिक तपासून देणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहा. तो तुमच्या डोळ्यांदेखत बाटलीत पाणी, आम्ल आणि जस्ताची पूड टाकतो. अर्ध्या तासात झाकणातला पांढरा कागद तपकिरी-काळपट होतो. मग फिल्टर जोडून त्यातले पाणी तपासतो, तेव्हा कागद पांढराच राहतो. एवढ्या पुराव्यावर लोक पैसे देतात.

खोट आहे ती बाटलीच्या मानेतल्या कापसात. जस्त आणि आम्लामुळे आर्सेनिकचा आर्सिन वायू होतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर डाग पाडतो. पण आम्ल पडताच वासाच्या पाण्यातून, ज्याचा तो वास असतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूही सुटतो आणि तोही हाच कागद बिघडवतो. त्याला वाटेतच अडवायला लेड ॲसिटेटमध्ये (शिशाच्या क्षारात) भिजवून वाळवलेला कापूस लागतो. इथे साधा कापूस भरलेला असतो. फिल्टरमधला सक्रिय कोळसा सल्फाइड काढतो, म्हणून दुसरा कागद स्वच्छ! पाण्यात खरोखर आर्सेनिक असेल, तर नुसता कोळसा ते फारसे काढत नाही. घरातले लोक निर्धास्तपणे तेच पाणी पीत राहतात. पैसे बुडण्यापेक्षा हे कितीतरी वाईट.

चाचणी संपल्यावर कापूस बाहेर काढायला लावा. वासाच्या पाण्यात खरा कापूस काळा पडतोच, कारण त्यावर लेड सल्फाइड तयार होते. पांढरा राहिला तर निकाल रद्द समजा. वरच्या टोकापर्यंत काळा झाला, तरी रद्द : कापसाची ताकद संपून वायू पुढे निसटलेला असू शकतो. कापसाला हातमोज्यांशिवाय हात लावू नका, चाचणी मोकळ्या हवेत करा. शिसे आणि आर्सिन दोन्ही विषारी.

ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याचीही एक चाचणी मागा. तिथेही डाग पडला, तर जस्तात किंवा आम्लातच खोट आहे. पाणी हलवून वास घालवण्याचा सल्ला मात्र मानू नका. त्यात विरघळलेले लोह गाळात बसते, सोबत आर्सेनिक ओढून नेते आणि आकडा खोटा कमी येतो.

प्रयोगशाळेत पाठवताना पाण्याला वास आहे हे कळवा. आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्य मोजणाऱ्या यंत्रावर) तपासणार असतील आणि पाणी खारे असेल, तर हीलियम कोलिजन सेल (नको असलेले जोड-आयन हीलियमच्या साहाय्याने गाळणारा कप्पा) वापरणार का, हे विचारा. यंत्रातला आरगॉन ४० आणि खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडचा क्लोरीन ३५ जोडून ७५ होतात, आर्सेनिकचेही वस्तुमान ७५च, म्हणून यंत्राची गल्लत होते. ‘स्पाइक रिकव्हरी ९८ टक्के’ (नमुन्यात मुद्दाम मिसळलेल्या आर्सेनिकपैकी ९८ टक्के मोजले गेले) हे उत्तर पुरेसे नाही. क्लोराइडने वाढवलेला आकडा त्यात पकडला जात नाही.