दहापट भिंग आणि ओढ्यातल्या अळ्या: पाच महिन्यांनंतर

आधी दीडशे रुपयांचं, '३० एक्स' (म्हणजे तीसपट) कोरलेलं भिंग घेतलं होतं. शंका आली म्हणून समोरच्या इमारतीची प्रतिमा भिंतीवर पाडून भिंग आणि भिंत यांतलं अंतर मोजलं, तर सहा सेंटीमीटर. २५ला त्या अंतरानं भागलं की भिंगाची खरी ताकद कळते. म्हणजे जेमतेम चारपट! मग ऑक्टोबरात तीन काचांचं घडीचं १० एक्स घेतलं. त्याची प्रतिमा अडीच सेंटीमीटरवर पडली तेव्हा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून ताम्हिणीकडचा ओढा आटेपर्यंत ते गळ्यात होतं, पाण्यातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांची कुळं ओळखायला. सवय लागायला महिना गेला. भिंग डोळ्याला टेकवून अळीच वर आणायची असते, हे हाताला पटत नाही. शिवाय अळी वळवळते. ट्रेमध्ये वाकून बघण्याचा नाद सोडा, चार थेंब पाण्यासकट चहाच्या चमच्यात घ्या.

खळाळातल्या दगडाला चिकटलेली चपटी, टिकलीसारखी सेफेनिडी कुळातली अळी नुसत्या डोळ्यांनीही कळते. डोकं-पाय सगळं पाठीखाली दडलेलं. खरी परीक्षा डोहातल्या शिकारी अळ्यांची. कोयत्यासारखे बिनदाती जबडे आणि पायाला दोन नख्या असतील तर डायटिसिडी कूळ. जबड्याला दात आणि नखी एकच, तर हायड्रोफिलिडी. सेंटीमीटरभर अळीच्या नख्या या भिंगातून मोजता येतात, पण ऊन हवं.

एका अळीनं मात्र फसवलं. पिसांसारखे कल्ले, शेपटाला आकडे. मी वहीत बेधडक गायरिनिडी लिहिलं, म्हणजे पाण्यावर गरगरणाऱ्या काळ्या भुंगेऱ्यांची अळी. पुढच्या खेपेला चमच्यात उताणी झाली तेव्हा कळलं, कल्ले कडेला नव्हतेच, पोटाखाली होते. आकडेही दोनच, दोन वेगळ्या पायांच्या टोकांना. गायरिनिडीला एकाच टोकावर चार असतात. ही भुंगेऱ्याची नव्हे, कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याची अळी! वहीतली चार पानं खोडली.

तक्रारी? बिजागरीचा स्क्रू डिसेंबरातच सैल झाला, नेलपॉलिशचा थेंब टाकून बसवला. आणि एल्मिडी या भुंगेऱ्यांच्याच कुळातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या अळ्यांपुढे भिंग हात टेकतं. त्यांच्या शेवटच्या खंडाखाली झाकण असतं, त्यात कल्ले आत ओढून घेतात. ते उघडताना दिसेल या आशेवर तासभर डोळे फोडले, व्यर्थ. त्याला स्टिरिओ सूक्ष्मदर्शकच हवा. भिंगानं कुळापर्यंत पोचता येतं, जातीचं नाव काढू नका.

तो चमचा आता घरात कुणी चहाला घेत नाही.