इंटरनेटविना दूरशिक्षण : काही महिन्यांच्या वापरानंतर

जिथे रस्ता आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे आहेत, अशा विखुरलेल्या वस्त्यांतील प्राथमिक वर्गांच्या मुलांसाठी आम्ही काही महिन्यांपासून एक ऑफलाइन संच वापरत आहोत. वायफाय पुरवणारा छोटा सर्व्हर, काही टॅबलेट, छापील कृतिपत्रिका आणि शिक्षकाचा साप्ताहिक फोन असे त्याचे स्वरूप आहे. सर्व्हरविषयी फारशी तक्रार नाही. एकदा धडे भरले की इंटरनेट लागत नाही आणि वीज गेली तरी तो पॉवर बँकेवर चालतो.

व्हिडिओंनी मात्र निराशा केली. मुले ते अगदी शांतपणे पाहतात (मोठ्यांना ही शांतता फार आवडते), पण लगेच हातच्याची वजाबाकी घातली की अडतात. त्यामानाने ध्वनिपाठ सरस ठरले. प्रश्न विचारून आवाज थांबतो, मूल मोठ्याने उत्तर देते आणि मग बरोबर उत्तर ऐकू येते. १९७० च्या दशकात निकाराग्वातील रेडिओ-गणित प्रकल्पाने हीच पद्धत प्राथमिक वर्गांत वापरली होती. शिवाय ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) दराने साठवलेला १५ मिनिटांचा पाठ जेमतेम ७ एमबीचा होतो, त्यामुळे साध्या फोनच्या मेमरी कार्डावरही असे कितीतरी पाठ मावतात.

सर्वांत उपयोगी ठरला तो फोन. टॅबलेटवरील बहुपर्यायी चाचणीत मूल अंदाजाने खूण करून पुढे सरकते. फोनवर 'हे उत्तर कसे काढलेस?' असे विचारले, की नेमके कुठे अडले आहे ते दोन मिनिटांत कळते. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोत्स्वानात झालेल्या प्रयोगातही एसएमएससोबत साप्ताहिक फोन आलेल्या मुलांचे गणित सुधारले, केवळ एसएमएसचा परिणाम मात्र नगण्य राहिला.

संचातील मोठी उणीव अशी, की मुलाजवळ बसणाऱ्या मोठ्या माणसासाठी त्यात काहीच नाही. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज येथे दुर्गम भागात विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या बिनतारी यंत्रणेवरून 'स्कूल ऑफ द एअर' ही दूरवरच्या मुलांसाठीची रेडिओ-शाळा सुरू झाली, तेव्हापासून तेथील व्यवस्था घरी मुलाकडून अभ्यास करून घेणाऱ्या माणसावरच, बहुधा आईवर, उभी आहे. आमच्याकडे अनेक पालकांना वाचता येत नाही, तरीही सूचना सगळ्या छापील आहेत. त्या पालकांना ऐकता येतील अशा रूपात, प्रत्येक पाठाआधी मिनिटभर, दिल्या असत्या तर निम्मे फोन 'आता काय करायचे?' एवढ्याच प्रश्नात संपले नसते.

तिसरी-चौथीसाठी मी हा संच जरूर सुचवेन, पण कृतिपत्रिका आणि फोन वगळून नव्हे. पहिलीसाठी सुचवणार नाही, कारण पेन्सिल कशी धरली आहे आणि अक्षराचे वळण कुठून सुरू होते हे टॅबलेटला दिसत नाही, आणि त्या वयात शिक्षकाला नेमके तेच पाहायचे असते.