27 फेब्रुवारीला चित्र-कवितांचं प्रदर्शन: संभाजी बागेत की बाहेरच्या फुटपाथवर?

मराठी भाषा गौरव दिनाला पुण्यात उघड्यावर चित्रं आणि कविता मांडायचं डोक्यात असेल तर जंगली महाराज रस्त्यावर दोन जागा लगेच सुचतात, संभाजी बाग आणि तिच्या बाहेरचा रुंद फुटपाथ. जागा एकमेकींना लागून, पण प्रदर्शन पार वेगळं होतं.

फुटपाथवर माणसं आपोआप मिळतात. बालगंधर्वला नाटकाला निघालेले, कॉलेजची पोरं, बसची वाट बघणारे, ज्यांनी कधी आर्ट गॅलरीत पाय ठेवला नाही तेही थबकतात, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. पण थबकतात ते चित्रापुरतं. बारा ओळींची कविता वाचायला जरा निवांत उभं राहावं लागतं, मागून धक्के आणि कानाशी हॉर्न असेल तर माणूस चौथ्या ओळीला पुढे सरकतो. मुंबईच्या काळा घोडा कला फेस्टिव्हलचं उदाहरण सगळे देतात, पण तिथे फेस्टिव्हलला रॅम्पार्ट रोवरच्या गाड्या बंद असतात हे लक्षात घ्या.

बागेत गर्दी कमी पण आलेल्याला वेळ असतो, सावली असते, बाकावर बसून समोरची कविता परत वाचता येते. अडचण वेळेची, महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. तसंही फेब्रुवारीअखेरचं दुपारचं ऊन चित्रांना नकोच. सूर्य पावणेसातच्या आत मावळतो, म्हणजे संध्याकाळसाठी लाइटची सोय हवीच.

परवानगीत बाग सोपी, मुख्य काम उद्यान विभागाशी. फुटपाथला क्षेत्रीय कार्यालय, ट्रॅफिक पोलीस, बोर्ड लावायचे तर आकाशचिन्ह विभाग (महापालिकेचा जाहिरात फलकांचा विभाग), एवढ्यांकडे विचारणा करावी लागते. काव्यवाचनाला माइक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी दोन्हीकडे.

आता छपाई, इथे घाई करू नका. फ्लेक्स स्वस्त पण उन्हात असा चकाकतो की अक्षरच दिसत नाही. फुटपाथवर मॅट लॅमिनेशनचा सनबोर्ड (फोमचा कडक बोर्ड) आणि जड स्टँड घ्या, कारण बस गेली की वाऱ्याने हलकं काहीही आडवं होतं. बागेत मांजरपाटावर ब्रशने लिहिलेली कविता बांबूच्या चौकटीत ताणून लावली तर फारच देखणी दिसते (झाडांना खिळे अजिबात नाही). अक्षर तीन मीटरवरून वाचता यायला साधारण इंचभर उंच हवं, आणि दोन ओळींत अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. मूळ जलरंग कुठेच बाहेर ठेवू नका, प्रिंट लावा.

कवितांच्या हक्कांचं दोन्हीकडे सारखंच. कवीच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे केशवसुत (निधन 1905), बालकवी (1918) मोकळे आहेत, पण ज्यांच्या जन्मदिनी हे सगळं करतोय ते कुसुमाग्रज 1999 ला गेले, म्हणजे त्यांच्या कवितेला परवानगी लागणार, आणि ती आधी मागा.

माझं मत, चित्रं जास्त असतील तर फुटपाथ, कविता जास्त असतील तर डोळे झाकून बाग. बाग घेतलीत तर उद्यान विभागाला विचारून पाच-सहा मोठी चित्रं दोन-दोन ओळींसकट गेटच्या आत पण रस्त्याकडे तोंड करून लावा, म्हणजे फुटपाथवरचा माणूसही आत वळेल.