आरटीई २५ टक्के ऑनलाइन प्रवेश: तालुक्याला सोयीचा, तांड्याला अपुरा

खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या, असं शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीईचं) कलम १२(१)(क) सांगतं. या जागांसाठी राज्य शासन दरवर्षी ऑनलाइन अर्ज मागवून लॉटरी काढतं. अर्जाला पैसे लागत नाहीत, निवड सोडतीने होते, संस्थाचालकाच्या ओळखीवर काही ठरत नाही. खेड्यातल्या पालकासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण सगळी सेवा घर ते शाळा या अंतरावर उभी आहे, आणि विदर्भाच्या ग्रामीण भागात ती नेमकी तिथेच कमी पडते. खालचा तपशील २०२५-२६ च्या फेरीपर्यंतच्या नियमांचा आहे. नियम बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीचं सूचनापत्रक आधी वाचावं.

अर्जातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे नकाशावरचा बलून, म्हणजे घराची जागा दाखवणारी खूण. तो आपल्या घरावर ठेवायचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वेळाच निश्चित करता येतो. पोडाचं (कोलाम आदिवासींच्या वस्तीचं) किंवा तांड्याचं नाव नकाशात अनेकदा सापडतच नाही. अर्ज भरला जातो तालुक्याच्या सेतू केंद्रात, गर्दीच्या वेळी. घाईत बलून बसस्टँडच्या आसपास राहून जातो. मग शाळा १ किलोमीटरच्या आत दिसते, लॉटरीत नंबरही लागतो, आणि पडताळणी समितीपुढे कागदावरचं गाव व नकाशावरची जागा जुळत नाही म्हणून प्रवेश रद्द होतो. यावर उपाय सोपा आहे. घराच्या दारात उभं राहून मोबाइलच्या नकाशात ती जागा सेव्ह करून न्यावी आणि ऑपरेटरच्या शेजारी बसून, दोन्ही नकाशे ताडून बलून लावून घ्यावा.

कागदपत्रांत दोन गैरसमज फार नुकसान करतात. पहिला उत्पन्नाच्या दाखल्याचा. वर्षाला १ लाख रुपयांच्या आतल्या उत्पन्नाची अट आर्थिक दुर्बल घटकाला आहे. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग यांना वंचित घटकातून अर्ज करताना उत्पन्नाची मर्यादा नाही, लागतो तो जातीचा दाखला. तरीही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारण्यात माणसं मजुरी बुडवतात आणि जातीचा दाखला मागे राहतो. दुसरा गैरसमज भाडेकराराचा. तालुक्याच्या गावी खोली करून राहणाऱ्यांना स्टँपवरची नोटरी चालत नाही. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला आणि अर्जाच्या तारखेआधीचा हवा. स्वतःचं घर असेल तर रेशन कार्ड, वीजबिल, घरटॅक्सची पावती यांपैकी एक पुरतं. जन्माचा दाखला नसेल तर अंगणवाडीच्या किंवा एएनएमच्या (आरोग्यसेविकेच्या) रजिस्टरमधली नोंद चालते.

एका मुलाचे दोन अर्ज भरले तर दोन्ही बाद होतात. एसएमएसची वाट पाहत बसू नये, अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर निकाल स्वतः पाहावा. शाळा दहापर्यंत निवडता येतात, पण नंबर लागूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेरीत विचार होत नाही. म्हणून जिथे ऑटो किंवा बस जाणारच नाही अशी शाळा यादीत टाकू नये. अल्पसंख्याक शाळा यादीत दिसत नाहीत त्याला कारण आहे: २०१४ च्या प्रमाती निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना या कायद्यातून वगळलं.

आता अंतराचं. २०२५-२६ च्या फेरीपर्यंत प्राधान्य आधी १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना, मग १ ते ३ किलोमीटर, त्यानंतर उरलेल्या जागांवर लांबच्यांना. यवतमाळच्या मारेगाव, झरी जामणी भागात किंवा वाशिमच्या मानोऱ्याकडे पाहा: खासगी इंग्रजी शाळा बहुतेक तालुक्याच्या गावात किंवा हमरस्त्यावरच्या मोठ्या गावात. कोलाम पोडावरचं किंवा बंजारा तांड्यावरचं मूल आपोआप तिसऱ्या रांगेत जातं. नंबर लागलाच तर फी माफ, पण रोजचं ऑटोभाडं घरच्यांच्या डोक्यावर. शेतमजुराच्या घरात वर्षाचं भाडं हीच फी होऊन बसते, आणि पहिल्या पावसाळ्यातच मूल गळण्याचा धोका उभा राहतो.

मुलांनी एकत्र शिकण्याचा प्रश्न अंतरावर अडतो, हे अमेरिकेतल्या शाळा-विलगीकरणाच्या खटल्यांनीही दाखवलं आहे. दक्षिण कॅरोलिनातला क्लॅरेंडन हा कापूस पिकवणारा ग्रामीण भाग. तिथल्या कृष्णवर्णीय पालकांनी १९४७ मध्ये आधी मागितली ती फक्त शाळेची बस. गोऱ्या मुलांना बस होत्या, यांच्या मुलांना एकही नव्हती. ती मागणी नाकारली गेली, लढा वाढत गेला आणि पुढे ब्राउन खटल्यात सामील झाला. १७ मे १९५४ ला त्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशावर आधारलेल्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९७१ च्या स्वान निकालाने मुलं एकत्र आणण्यासाठी बसची सक्ती मान्य केली. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात मात्र ५ विरुद्ध ४ मतांनी शहराची हद्द ओलांडणारी योजना फेटाळली गेली, आणि गोऱ्या वस्तीची उपनगरं त्यातून सुटली.

आपल्याकडे हीच हद्द ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने आखली होती. १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. विदर्भातल्या तालुक्याच्या गावात जिल्हा परिषद, नगर परिषद किंवा अनुदानित शाळा जवळ नाही अशी खासगी शाळा शोधावी लागेल. म्हणजे यादी जवळजवळ रिकामीच झाली असती. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला स्थगिती दिली, १९ जुलैला अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सेवा आज उभी आहे ती यामुळे.

जागा वाचली, पण वर्गात काय होतं याकडे ही सेवा पाहतच नाही, आणि आमचा मोठा आक्षेप हाच आहे. सामाजिक शास्त्रांचा पुरावा वर्गातल्याच गोष्टींचा असतो. क्लॅरेंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी ६ ते ९ वर्षांच्या १६ कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या; ११ मुलांनी सावळी बाहुली वाईट म्हणून दाखवली. ब्राउन निकालाच्या ११ व्या तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख आहे. या चाचणीवरची टीकाही खरी आहे: मुलं मोजकी, आणि केनेथ व मेमी क्लार्क यांच्याच आधीच्या अभ्यासात उत्तरेकडच्या मिश्र शाळांतल्या मुलांचा कल गोऱ्या बाहुलीकडे अधिक होता. म्हणजे मुलं एका इमारतीत आणली एवढ्यानं मनावरचा घाव भरत नाही.

याहून भक्कम पुरावा दिल्लीचा आहे. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. गणित-हिंदीच्या गुणांवर परिणाम नाही, इंग्रजीत थोडीशी घट. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या अक्षरक्रमाने ठरत होते, त्यामुळे जवळून मिळालेल्या सहवासाचा परिणाम वेगळा मोजता आला. तो सहवास प्रत्यक्ष घडणं महत्त्वाचं निघालं.

म्हणून प्रवेशपत्र घेऊन शाळेत जाल तेव्हा तीन गोष्टी विचाराव्या: आरटीईची मुलं सर्व तुकड्यांत विभागली आहेत का, हजेरीपटात त्यांची नावं इतरांत मिसळलेली आहेत की शेवटी, आणि स्नेहसंमेलन, सहल, संगणक यांत ती आहेत का. या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळी बसवायचं नाही, हे केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट आहे. वेगळी तुकडी दिसली, किंवा शासनाकडून प्रतिपूर्ती (या मुलांच्या फीपोटी शाळेला मिळणारी रक्कम) थकली म्हणून फी मागितली, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांनी अर्ज जरूर भरावा. तांड्यावरच्या पालकांनी आधी वर्षभराच्या वाहनाचा हिशेब करावा. शासनाने ३ किलोमीटरपलीकडून येणाऱ्या मुलांचा प्रवासखर्च फीसोबतच द्यायला हवा. तोवर या सेवेला आम्ही पाचपैकी तीन देतो.