समोरासमोर केनेल की एकेरी ओळ? शेल्टरचा नकाशा ठरवण्याआधी

गावातल्या कुत्र्यांसाठी शेल्टर बांधायचं ठरलं, जागा मिळाली, वर्गणीही जमली, की गाडी नकाशापाशी अडते. केनेल, म्हणजे कुत्री ठेवायचे कप्पे, किती आणि किती बाय किती, हे तुम्हाला ठाऊक असणारच. घोळ होतो तो मांडणीवरून. मधे पॅसेज ठेवून दोन्ही बाजूंना समोरासमोर केनेल घ्यायची, की एकच लांब ओळ, पुढे पडवी आणि मागे उघडं आवार? मी दोन्ही प्रकारच्या शेल्टरांत हात मळवलेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या समितीत मी एकेरी ओळीच्या बाजूने होतो, हे आधीच सांगून टाकतो.

समोरासमोरच्या मांडणीला नावं ठेवणं सोपं नाही. जागा कमी लागते, एका छपरात आणि नळाच्या एका लाइनीत काम भागतं, रात्री एकच माणूस पॅसेजमध्ये उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवतो. कागदावर ती देखणी दिसते, त्यामुळे आर्किटेक्ट मंडळी तिच्या प्रेमात असतात. भुंकणं मात्र वाढतं. समोरचा उठला की हा उठतो, आणि वर पत्रा असेल तर विचारूच नका. पण माणसांना त्याची सवय होते. कुत्र्यांना होत असेल असं वाटत नाही.

मला सवय झाली नाही ती ओल्या फरशीची. या मांडणीत नाली बहुधा पॅसेजच्या मधोमध असते आणि दोन्हीकडचा ढाळ तिच्याकडे. सकाळी पाइप लावला की पहिल्या केनेलचं पाणी शेवटच्या केनेलच्या दारावरून जातं. एप्रिलमध्ये तासाभरात सगळं खडखडीत. जुलैत दोन्हीकडे भिंती, वर छप्पर आणि हवा आधीच दमट, मग वाळायचं कसं? वायपर मारत शेवटपर्यंत जावं आणि मागे वळून पाहावं तर कोबा पुन्हा चकाकतोय. कुत्री त्यातच बसतात. पंजाच्या बोटांमधली कातडी लाल होते, कोपरावरचे केस झडतात, आणि दुपारी मुताच्या दर्पाने डोळे चुरचुरतात.

वास एक वेळ सोसता येईल, पण पार्व्होचं, म्हणजे पिल्लांना मारणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या साथीचं, काय करणार? त्याचा विषाणू महिनोन्महिने तग धरतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. ब्लीच लागतं, तेही आधी घाण पूर्ण काढून आणि मग दहा मिनिटं फरशीवर राहू देऊन. एका आजारी पिल्लाची घाण सगळ्यांच्या दारावरून वाहत असेल तर ब्लीच कुठे कुठे ओतणार? लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, मुतातून पसरणारा ताप) हाही ओलीत फोफावतो आणि तो झाडलोट करणाऱ्या माणसालाही होतो.

एकेरी ओळीत नाली मागे, आवाराच्या जाळीपलीकडे जाते. कुत्र्याचा पाय तिथे पोचत नाही. प्रत्येक केनेलचे दोन भाग करायचे, आतला झोपायचा आणि मागचा उघडा. मधलं दार वरखाली सरकणारं, दोरी पडवीतून ओढायची. कुत्रं मागे गेलं की दार पाडा, आतला भाग धुवा आणि वाळू द्या. ढाळ फुटाला पाव इंच पुरतो, फक्त गवंडी ओतत असताना तिथे उभे राहा. पुढून मागे वारा खेळतो. जुलैत इथेही फरशी कोरडीठाक होते असं नाही, पण पंजे कोरडे राहतात. मला तेवढं पुरेसं वाटलं.

या मांडणीचा त्रास म्हणजे झड. उघडी बाजू नैऋत्येला आली तर पहिल्याच पावसात केनेल भिजतात. पडवी चांगली रुंद घ्या, आणि जून लागण्याआधी झावळ्यांचे झाप नाहीतर ताडपत्री बांधायची तयारी ठेवा. शिवाय जमीन जास्त जाते, आणि जेवणाची बादली घेऊन पार टोकापर्यंत चालावं लागतं.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, असतील तर कोणत्याही मांडणीत आतून निदान चार फूट घोटीव गिलावा हवाच, कारण चिरा मूत पितो. चकचकीत टाइल्स मात्र नकोत, नखं घसरतात.

सोलापूर-जालन्याकडे बांधत असाल तर माझं निम्मं रडगाणं तुम्हाला लागू नाही, तिथे पॅसेज वाळतो. नुसतं नसबंदी केंद्र असेल तरी समोरासमोरची मांडणी चालून जावी. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबाबतच्या केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे तिथली कुत्री बरी झाली की पकडलेल्या जागीच परत सोडायची असतात, मुक्काम काही दिवसांचाच. पण म्हातारी, अपंग, कायमची राहणारी कुत्री असतील आणि जागा लांबट असेल, तर मी एकेरी ओळीचाच आग्रह धरीन. आणि काहीही निवडलंत तरी आजारी कुत्र्यांची खोली उताराच्या खालच्या टोकाला, स्वतंत्र नालीची ठेवा. वरच्या बाजूला काढलीत तर दोन्ही नकाशे सारखेच.